हाताने काढल्यासारखं, की हाताने काढलेलं?

तीन जानेवारी, आठ मार्च किंवा नोव्हेंबरअखेरचा हिंसाविरोधी पंधरवडा जवळ आला की नांदेड-लातूरकडच्या आमच्या गटांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : पोस्टर हाताने रंगवल्यासारखं दिसायला हवं, पण खर्च परवडत नाही, तर संगणकावर ते कसं करायचं? प्रश्न रास्त आहे. चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लटकलेले असतात. त्याच गुळगुळीत चेहऱ्यांच्या रांगेत आपलंही एक टांगलं तर बाजाराला आलेली बाई त्याकडे कशाला बघेल? हाताने ओढलेली रेघ दिसली की ती थबकते. आपल्यातलंच कुणी बोलतंय, असं तिला वाटतं.

पण मैत्रिणींनो, 'हाताने काढल्यासारखं' मिळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा चित्र खरंच हाताने काढावं आणि संगणक पुढच्या कामाला लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्वस्त पडतं आणि दिसतंही चांगलं. शिवाय यात एका मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्यात फारशी चर्चा होत नाही.

मथुरा प्रकरणाच्या निकालानंतर, १९८० पासून, स्त्री-गटांनी जी पोस्टरं केली ती आठवा. दिल्लीच्या 'झुबान' या प्रकाशन संस्थेने देशभरातली अशी पोस्टरं जमवून २००६ साली 'पोस्टर विमेन' हे पुस्तक काढलं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, म्हणजे वेगळा खर्च. म्हणून कितीतरी पोस्टरं एका-दोन रंगांतच भागवलेली असत. आज आपल्याला जे रूप इतकं आवडतं ते असं तंगीतून आलेलं आहे. ते मुद्दाम आणलेलं नव्हतं.

आता मोबाइलवर फोटो टाकला की मिनिटभरात त्याचं जलरंगातलं चित्र होतं. आमच्या भागातल्या एका संस्थेने थांबवलेल्या बालविवाहाची हकीकत पत्रकात छापली आणि सोबत त्या मुलीचा फोटो असाच 'रंगवून' घातला. नाव बदललं होतं. गावाने चार दिवसांत मुलगी ओळखली. नाकातली चमकी, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसायची ढब, मागचा हापसा, सगळं जिथल्या तिथे होतं. फिल्टरने फक्त रंग पसरवले होते. पुढे त्या घरात काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. बालविवाहाचा धोका असलेली मुलगी २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. कलम ७४ प्रमाणे तिची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा वा चित्र कुठल्याही माध्यमातून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सोचं कलम २३ आहे. बलात्काराच्या प्रकरणात पूर्वी दंड संहितेचं कलम २२८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ७२ आहे. 'फोटो नाही, चित्र आहे' ही पळवाट यात नाही. शिवाय फिल्टरसाठी फोटो चढवला की तो कुणाकुणाच्या संगणकावर जातो, याचा तरी आपल्याला पत्ता असतो का?

चित्र काढणारी बाई असं करत नाही. ती एकीचं नाक घेते, दुसरीची वेणी, तिसरीचा शाळेचा ड्रेस, आणि हापसा स्वतःच्या माहेरचा काढते. त्या चित्रातली मुलगी कुणाचीच नसते, तरी सगळ्यांना आपल्या गावची वाटते. सांगितलं की चित्र तयार करून देणारी यंत्रंही फुकट मिळतात. त्यांना मराठवाड्यातली शेतमजूर बाई मागून बघा. बहुतेक वेळा गोरीपान, दागिन्यांनी मढलेली आणि भलतीकडेच पदर घेतलेली बाई समोर येते.

आता खर्चाचं बघू. शाळेच्या चित्रकलेचा कागद, पोस्टर कलरच्या चार-पाच बाटल्या आणि दोन ब्रश एवढं पुरतं. आधी नुसत्या काळ्या रेघांचं चित्र काढा. दुसऱ्या कागदावर रंगाचे पट्टे ओढा : काही पाणी जास्त घालून, काही अर्धवट सुक्या ब्रशने, म्हणजे खरखरीत उठतील. दोन्ही कागद झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयला स्कॅन करून घ्या. ते जमलं नाही तर खिडकीजवळच्या उजेडात, सावली न पडता, वरून सरळ फोटो काढा. पुढे 'क्रिता' नावाचा प्रोग्रॅम लागतो. तो फुकट आहे, कायदेशीर आहे, चोरीची प्रत शोधावी लागत नाही. (नाव आपल्याकडचं वाटतं, पण तो खडूसाठीचा स्वीडिश शब्द आहे.) त्यात रंगाचे पट्टे खाली ठेवायचे, रेघांचा थर वर, आणि वरच्या थराला 'मल्टिप्लाय' लावायचं. कागदाचा पांढरा भाग नाहीसा होतो, काळी रेघ राहते आणि तिच्याखालून खरा रंग दिसतो. बादलीने ओतल्यासारखा सपाट रंग भरू नका, रेघेबाहेर थोडा गेला तर जाऊ द्या. तीनच रंग घ्या. पट्ट्यांचा एकदा केलेला कागद कितीतरी पोस्टरांना वापरता येतो.

माप मात्र आधी ठरवा. ए-थ्री पोस्टर नीट छापायचं तर ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात. लहान काढून मागाहून ताणलं की धुरकट होतं. मथळा टाइप करू नका, चपट्या ब्रशने लिहा. 'इंकस्केप' या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये त्या अक्षरांची व्हेक्टर रेघ करता येते, मग दहा फुटी बॅनरलाही ती फाटत नाही. संगणकावर रेखाटायची खास पाटी तीन-चार हजारांत येते, पण या पद्धतीत तिचं अडत नाही.

वारलीबद्दलही बोललं पाहिजे. आमच्याकडे 'ग्रामीण महिला' म्हटलं की डीटीपीवाला वारली बायांची रांग चिकटवून देतो. वारली चित्रं पालघर-ठाण्याकडची. लग्नाचा चौक तिथे सवाशिणी लिहीत. १९७० नंतर ही कला कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुषांचं नाव झालं. म्हसे यांची थोरवी वादातीत आहे, पण चौक लिहिणाऱ्या बायांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तीच चित्रं पुन्हा निनावीच औसा-निलंग्याच्या पोस्टरवर कशाला? आपल्याकडे वाकळेचे टाके आहेत, किनवट-मुखेडच्या तांड्यांवरचं लमाणी भरतकाम आहे. वाकळेच्या टाक्यांचा फोटो घेऊन 'क्रिता'त त्याचा ब्रश करता येतो. फक्त ज्या बाईची वाकळ, तिला आधी विचारायचं.

आणि पैसे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'आयईसी मटेरियल'खाली छपाईचे पैसे असतात, चित्र काढणारीचे बहुधा नसतात. ती 'आपलीच' म्हणून फुकट राबते. बायकांच्या बिनमोल कामावर आपण शिबिरं घेतो, आणि शिबिराचं पोस्टर मात्र फुकटात करून घेतो! गंजगोलाईतल्या आणि नव्या मोंढ्यातल्या पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सने घरी बसवले, त्यांच्याकडे अक्षर शिकायला मुली पाठवता येतील, त्यांनाही मानधन देऊन. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली एखादी तरी मुलगी मोठ्या गावात सापडतेच. लग्नानंतर तिचे रंग माळ्यावर पडलेले असतात. छपाईच्या रकमेतून तिचं मानधन आधी बाजूला काढावं, आणि तिची हरकत नसेल तर कोपऱ्यात तिचं नाव छापावं. फक्त आठ मार्चच्या पोस्टरचं तिला जानेवारीतच सांगा. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निरोप गेला तर तिलाही मोबाइलवरचं फिल्टरच वापरावं लागेल.