सोन्यामागे नव्हे, गिऱ्हाइकामागे धावा

१८५१ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडले आणि हजारो लोक खाणींकडे धावले. अनेकांच्या हाती काहीच लागले नाही. फ्रीमन कॉब या अमेरिकन तरुणाने मात्र फावडे न उचलता भागीदारांसह घोडागाड्या जुंपल्या. ३० जानेवारी १८५४ रोजी त्यांची पहिली गाडी मेलबर्नहून खाणींकडे निघाली.

गाडीचा सांगाडा लोखंडी स्प्रिंगऐवजी जाड चामडी पट्ट्यांवर टांगलेला असे, म्हणून ती खडबडीत वाटेवर टिके. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे तयार असत, म्हणून ती वेळ पाळी. त्यातून चर्मकार, लोहार, सुतार, नालबंद अशा कारागिरांनाही रोजी मिळाली.

१८५६ मध्ये कॉबने धंदा विकला. रेल्वे आली तेव्हा नव्या मालकांनी गाड्या रेल्वे न पोहोचलेल्या गावांकडे वळवल्या. कंपनीची शेवटची घोडागाडी १९२४ साली धावली.

एकाचे दुकान चालले की शेजारी तसेच दुकान टाकायची आपली सवय आहे. त्यापेक्षा जमलेल्या गर्दीला काय हवे ते पाहावे, दिलेली वेळ पाळावी आणि काळ बदलला की वाट बदलावी. बरकत त्यातच आहे.