गुडघा तयार आहे, पण रस्ता?

गुडघे कुरकुरू लागले की घरातून पहिला सल्ला येतो तो बसून राहण्याचा. 'बाबा, आता पुरे झाली सायकल,' असे मुलगा म्हणतो आणि सायकल जिन्याखाली जाते. संधिवाताच्या बाबतीत हा प्रेमळ सल्ला बहुधा उलटा पडतो. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हाच त्यातला वंगणासारखा द्रव तिच्यात झिरपतो आणि तिचे पोषण होते. बसून मांडीचे स्नायू सुकले की गुडघ्याचा आधारही जातो.

सायकलवर शरीराचे बरेचसे वजन सीट पेलते. चालताना गुडघ्यावर वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, सपाट रस्त्यावर बेताने पायडल मारताना त्याहून पुष्कळ कमी. अमेरिकेतल्या २,६०० हून अधिक लोकांची एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखी कमी आढळली. अर्थात, ज्यांचे गुडघे मुळातच धड होते तेच सायकल चालवत राहिले, असेही असेल. उभा जन्म बँकेत गेल्याने आकड्याखाली सही करण्यापूर्वी मी जरा थांबतो.

पाय टेकायला सोपे म्हणून आपण सीट खाली ठेवतो, आणि मग प्रत्येक फेऱ्याला गुडघा नको तितका दुमडतो. पायडल तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ हवा, किंचित वाकलेला. दांडीवरून पाय टाकता येत नसेल तर खुशाल लेडीज सायकल घ्यावी. आपल्याकडे पुरुषांना याची भारी लाज! आमवाताने सांधा सुजून गरम झाला असेल तेव्हा मात्र विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना विचारूनच पुन्हा सुरुवात करावी.

पण कुरुळीच्या माणसाने ही सायकल चालवायची कुठे? इंद्रायणी ओलांडून मोशीहून चाकणकडे निघाले की पुणे-नाशिक महामार्गावर हे गाव लागते. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, शिफ्ट सुटल्यावरच्या मोटारसायकली या सगळ्यांतून वाट काढायची. मागून हॉर्न वाजला की तरणा मुलगा टुणकन उतरतो. आखडलेल्या गुडघ्याला ते जमत नाही, आणि म्हणून मुलाची भीती खोटी म्हणवत नाही.

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. खालचा रस्ता रुंद करून दोन्ही बाजूंना सेवारस्ते देण्याचेही त्या योजनेत आहे. त्या सेवारस्त्याच्या कडेने सायकलसाठी कठड्याने वेगळा केलेला एक पट्टा राखावा, अशी मागणी कुरुळी, चिंबळी, मोई या गावांनी ग्रामसभेत ठराव करून केली पाहिजे. नुसता रंगाचा पट्टा नको. पुण्यात २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला, तरी तिथल्या कित्येक सायकलमार्गांवर आज मोटारी उभ्या असतात. पट्टा होईपर्यंत पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या सुरू होण्याआधी गावातल्या आतल्या रस्त्यांवर वीस मिनिटे चक्कर मारता येईल, सीट नीट वर करून.