रानाची कुंडली

कुंडली मानणारे आणि न मानणारे असे दोन पक्ष प्रत्येक घरात असतात. मी दुसऱ्या पक्षातला. तरी अलीकडे एका कुंडलीवर माझा विश्वास बसला आहे. ती माणसाची नव्हे, रानाची. कोणत्या डोंगराला वणव्याचा योग आहे, हे ती आधी सांगते.

तिच्यात ग्रह नाहीत, पण उपग्रह आहेत! हिरवे पान तांबडा प्रकाश पिऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. पान वाळले की हा हिशेब बदलतो आणि उपग्रहाच्या ते लक्षात येते. मग उरलेली घरे भरायची. चढ किती? आग चढावर झपाट्याने धावते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. उताराचे तोंड कुठे? आपल्याकडे दक्षिणेकडचा उतार ऊन जास्त खातो. वाट आणि वस्ती किती जवळ? पूर्वी वणवे कुठे लागले? संगणक हे सारे नकाशे एकावर एक ठेवतो, प्रत्येकाला वजन देतो, आणि जिथे सगळे दोष जमतात तिथे लाल रंग भरतो.

प्रत्यक्ष आग लागली तर? डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने आगीचा माग काढते. आता इशारा मोबाइलवर येतो. पण उपग्रहावरील एका उपकरणाचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा! त्यात आग नेमकी कुठे, हे शोधायला शेवटी वनरक्षकालाच हिरवी फांदी घेऊन पायपीट करावी लागते.

आता आपल्या मेळघाटाचे पाहा. मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वारा सुटला की त्याच ठिणगीचा वणवा होतो. शहरात बसून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे; पण त्या फुलांवर कित्येक घरांचे मीठमिरची चालते. नकाशा लाल ठिपका दाखवतो, ठिपक्यामागची चूल दाखवत नाही. झाडाखाली जाळी बांधली तर फुले अलगद तीत पडतात आणि काडी ओढायचे कारणच उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की नकाशा जिथे सर्वांत लाल, तिथे पहिली जाळी पोचावी आणि जाळरेषाही वेळेवर निघाव्यात.

आपण पणत्या लावतो तेव्हा रानातले गवत पिवळे पडू लागलेले असते. तयारीचे दिवस हेच. भविष्य खरे ठरले की ज्योतिषाचा मान वाढतो. ही कुंडली मात्र खोटी ठरली, तरच मांडणाऱ्याचे श्रम कारणी लागले म्हणायचे.