दान कीं अडगळ?

घरांत नकोशा झालेल्या वस्तू दाराबाहेर मांडून 'हवें त्यानें न्यावें' म्हणणें हें आजकाल औदार्य समजलें जातें. आम्हांस तें सरसकट मान्य नाहीं. इराणांतील मशहद येथें 2015 सालीं एका भिंतीला खुंट्या ठोकून थंडीनें कुडकुडणाऱ्यांसाठीं उबदार कपडे टांगण्यांत आले. पुढें आपल्याकडेहि 'माणुसकीच्या भिंती' उभ्या राहिल्या. कल्पना उत्तमच. पण आमच्या सुशिक्षित वस्तीच्या फाटकांबाहेर काय दिसतें? एकुलता एक बूट, उसवलेलें पोलकें आणि भर पावसांत भिजणारी गादी! (ही गादी कोणी, कशी आणि कोठें न्यावी?) हा तर केर उचलण्याची मजुरी बुडवून वर पुण्य जोडण्याचा प्रकार झाला.

याहून बोहारणीचा व्यवहार आम्हांस सभ्य वाटतो. ती साडी उजेडांत धरते, विरलेली परत करते, पातेल्यासाठीं तासभर घासाघीस करते. तिचा नकार गृहिणीला तोंडावर ऐकावा लागतो. दाराबाहेरचा ढीग पाहून मुकाट्यानें निघून जाणाऱ्याचा नकार मात्र कोणाच्याच कानीं पडत नाहीं, आणि दात्याची प्रौढी अबाधित राहते. द्यावयाचेंच असेल तर धुवून, गुंड्या लावून द्यावें. आणि तिन्हीसांजेला उरलेलें स्वतः उचलून घरांत न्यावें.