झाकण हललेलं दिसलं की लगेच १९१६

मुंबईकरांनो, पाऊस तोंडावर आला आहे. नालेसफाई किती टक्के झाली यावर वाद घालायला पुढारी आहेत. आपण आपल्या गल्लीतली मॅनहोलची झाकणं बघू या.

२९ ऑगस्ट २०१७ ला मुंबई तुंबली होती. शहरातले एक नामांकित पोटविकारतज्ज्ञ पाण्यातून चालत घरी निघाले आणि प्रभादेवीत, घराच्या जवळच, उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. ते झाकण कुणी भंगारवाल्याने पळवलेलं नव्हतं. पाणी ओसरावं म्हणून रहिवाशांनीच ते उघडल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. म्हणून पहिली विनंती हीच: कितीही पाणी साचलं तरी स्वतः झाकण उचलू नका. गढूळ पाण्याखाली भोक दिसत नाही, आणि त्यात खोचलेली फांदी किंवा लाल फडकंही वाहून जातं.

दुसरी विनंती तक्रारीची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला म्हणजे तक्रार झाली नाही. त्यावर वीस अंगठे येतात, पालिकेच्या दप्तरी मात्र कोरा कागद. स्कूटर गेली की खडखडणारं झाकण, तडा गेलेलं झाकण, झाकणाखाली नसलेली संरक्षक जाळी, यातलं काहीही दिसलं की पालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन करा. 'स्टेशनजवळ' असं मोघम सांगू नका. जवळच्या दिव्याच्या खांबावरचा क्रमांक, दुकानाची पाटी, रस्त्याची कोणती बाजू, हे सांगा. झाकण पर्जन्य जलवाहिनीचं, मलनिःसारणाचं की टेलिफोनवाल्यांचं, हे शोधत बसणं आपलं काम नाही. पण झाकणावर काही अक्षरं असतील तर तीही सांगा, म्हणजे 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर ऐकावं लागणार नाही. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

उखडलेले पेव्हर ब्लॉक, बंद दिवे यांच्याही तक्रारी कराव्यात, पण वेगळ्या. सगळं एकाच अर्जात कोंबलं की जिवावरचं काम फरशीच्या रांगेत जाऊन बसतं.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. जखमींसाठी ५० हजार ते अडीच लाख. कुणाला कळवलं होतं आणि केव्हा, हा प्रश्न निघाला की तुमचा तक्रार क्रमांकच उपयोगी पडेल. अर्थात जबाबदारी पालिकेचीच आहे. आपण फक्त 'आम्हाला माहीत नव्हतं' ही पळवाट बंद करायची.

आज दिवसाउजेडी घरापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता खाली बघत चाला. जिथे मुलं शाळेच्या बससाठी उभी राहतात, ती जागा आधी बघा. १९१६ वर रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो.