न्यायाविना सहकार्य नाही

मनुष्य केवळ स्वार्थाचा हिशेब जाणतो, हा समज किती अपुरा आहे, हे जर्मनीत १९८२ साली वेर्नर ग्यूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी योजलेल्या प्रयोगाने दाखवून दिले. एकाने रकमेची वाटणी सुचवावी, दुसऱ्याने ती स्वीकारावी वा फेटाळावी, आणि फेटाळल्यास दोघांनीही रिक्तहस्त परतावे, असा नियम असताना, पुढे अनेक देशांत झालेल्या अशाच प्रयोगांत, पाचव्या हिश्श्याहून कमी वाटा पुढे आला की पुष्कळांनी पदरचे नुकसान पत्करून त्याचा अव्हेर केला.

१९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने अन्याय्य वाटणी नाकारणारी ही न्यायबुद्धी व्यवहारात उतरवली. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांनाही त्यात वाटेकरी केले आणि उसाला मनाई केली.

असे न्याय्य नियम नेतृत्वाच्या बळावर टिकतात, आणि नेतृत्वाची खरी कसोटी अधिकार गाजवण्यात नसून, ज्या नियमाने इतरांना बांधले त्याच नियमाने स्वतःस बांधून घेण्यात आहे. म्हणून आमच्या सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आपले दप्तर सभासदांपुढे निःसंकोच खुले करावे, आणि सभासदांनीही ते वाचण्याचे कर्तव्य टाळू नये.