पोरांची नावं चौकात लावून नशा सुटणार नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण घरात वयात आलेलं पोरगं असेल तर पूर्ण वाचा.

आपल्याकडे व्यसन म्हटलं की दारू, आणि व्यसनाविरुद्ध लढा म्हटलं की आडवी बाटली. तो लढा मोठाच होता. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकानाला कुलूप. पण एमडीचं दुकान कुठंय? ना पाटी, ना परवाना. मोबाइलवर निरोप येतो आणि बायपासच्या पुलाखाली पुडी मिळते. तिथं आडवं काय करणार?

हे मुंबई-पुण्याचं दुखणं, असं म्हणायचे दिवसही गेले. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला, २०२५ मध्ये विट्याजवळ. मधल्या काळात तुळजापूरचंही नाव बातम्यांत आलं. मालेगावात तर 'कुत्ता गोळी' कधीपासून चालते. ती गोळी म्हणजे अल्प्राझोलम, शेड्यूल एच-वनमधलं औषध. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं आणि ती नोंद तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. आपल्या तालुक्यात किती मेडिकलवाले ते रजिस्टर नीट ठेवतात आणि अन्न-औषधवाले ते कधी उघडून बघतात, हे कुणीतरी विचारा की. हे काम शपथेपेक्षा सोपं आहे.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या महिन्यात आपल्याकडे नशामुक्तीसाठी बैठक झाली. सगळे पक्ष, सगळी मंडळं हजर. चांगलं आहे. एकानं सूचना मांडली, नशा करणाऱ्या पोरांची नावं चौकात फ्लेक्सवर लावा. टाळ्या पडल्या. मी मागं वही घेऊन बसलो होतो. शेवटच्या रांगेतल्या एक ताई टाळ्या संपायच्या आत पदर सावरत उठून गेल्या. त्या का गेल्या हे सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. त्या बाई आता पोराला घेऊन कुठल्या डॉक्टरकडे जातील? आधी लपवतील, मग मामाच्या गावाला पाठवतील.

गंमत अशी की ज्या कायद्याला आपण भितो, त्यातच बाहेर पडायची वाट आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्यातल्या कलम २७ खाली नशा करणं हाच गुन्हा आहे. पदार्थ कोणता त्यावर जास्तीत जास्त सहा महिने किंवा एक वर्ष शिक्षा, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात ६४-अ नावाचं कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल, आणि तो आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाऊ शकते. एमडीसाठी अल्प प्रमाण म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला ही वाट नाही आणि नसावीच.

वीस वर्षं बातम्या करतोय. कोर्टाच्या पायऱ्यांवर पोराच्या कागदासाठी धावणारे बाप पुष्कळ पाहिले, ६४-अ चा अर्ज करणारा एकही नाही पाहिला. वकिलाला विचारलं तर म्हणतो, पार्टीला माहीतच नसतं. मग आपल्या समितीत एक वकील नको का? फ्लेक्स छापणारे चार आहेत.

दुसरी गोष्ट उपचारांची. एम्सचा २०१९ चा देशपातळीवरचा अहवाल सांगतो, बेकायदा ड्रग्जवर अवलंबून असलेल्या साधारण वीस जणांत एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात. बाकीचे घरात, नाहीतर पुलाखाली. पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं तेव्हा मुंबई-पुण्यात गर्दचं थैमान होतं. तिथं पहिल्यापासून व्यसनी माणसाला पेशंट मानलं. आपण चाळीस वर्षांनी फ्लेक्सवर पोचलोय.

केंद्र निवडतानाही जपून. मारहाण करणारी, साखळीनं बांधणारी दुकानं याही धंद्यात आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार व्यसनमुक्ती केंद्राला नोंदणी लागते. पैसे भरायच्या आधी नोंदणीचा कागद मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर पोराला घेऊन उलट पावली या.

आणि खरी कसोटी पोरगं परत आल्यावर. महिना-दीड महिन्यानं ते त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर येतं. काम नाही, जुने मित्र तयार, शेजारी कुजबुजतात. तिथं सरकार येणार नाही, तिथं मंडळानंच यायचं. गॅरेजवाल्यानं कामाला घ्यावं, तालमीतल्या उस्तादांनी रोज पहाटे हाक मारावी, आठवड्यातून एकदा समाजमंदिराची खोली सुटलेल्यांच्या बैठकीला उघडून द्यावी. दारू सोडलेल्यांच्या एए बैठका अशाच चालतात, खर्च चहाचा. गणपतीच्या वर्गणीतून एवढं निघत नाही का? आणि पुन्हा घसरला तर पुन्हा पाठवायचा. घसरतात, हे धरूनच चालायचं.

पुढची बैठक रविवारी आहे. फ्लेक्सचा ठराव पुन्हा आला तर मी विरोधात बोलणार आहे. सोबत कोण येतंय ते सांगा.

उपचारासाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे. विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३. आणि ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी इथं खाली काही लिहू नका, इनबॉक्सला या. नाव कुठं जाणार नाही.